धबधब्याखालची लावण

शनिवारी सकाळी सातला अंजना खाचराच्या बांधावर येऊन उभी राहिली, ती नऊ वाजले तरी उभीच होती. तिन्ही खाचरांत चिखल तयार होता. दोन दिवस खपून उपटलेलं रोप मुठी बांधून कडेच्या पाण्यात उभं करून ठेवलं होतं. डोक्यावर इरलं होतं, पदर खोचलेला होता, नऊ बायांपुरत्या भाकऱ्या आणि काळ्या वाटाण्याची आमटी घरात झाकून ठेवलेली होती. नव्हत्या त्या फक्त नऊ बाया.

पाऊस पडत होता. तळीवाडीत जुलै महिन्यात पाऊस पडतोय हे कुणी कुणाला सांगत नाही. तो थांबला तर मात्र माणसं दारात येऊन वर बघतात. गारगोटीहून पश्चिमेला निघालेली एसटी डोंगरात शिरते, वळणं घेत घेत दमते आणि तळीवाडीच्या फाट्यावर एकदाची थांबते. तिथून पुढे गाव, गावाच्या वर कडा, आणि गावाच्या खाली ओढ्याकाठी बौद्धवाड्याची चार घरं. त्यातल्या दोन घरांना कुलूप, तिसऱ्यात कानानं बहिरी झालेली एक म्हातारी आणि चौथं घर अंजनाचं. नवरा अण्णासो दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. मुलगा प्रसेनजीत शिरोलीला भट्टीवर कामाला होता आणि त्याला रजा म्हणून मिळत नव्हती. तीस गुंठे भातशेती अंजना एकटीच ओढत होती.

एकटी ओढत होती असं म्हणायचं, पण लावण एकटीनं होत नाही. चिखल केला की दिवसभरात रोप आत जावं लागतं. नाहीतर माती खाली बसते, वर निवळ पाणी राहतं, आणि अंगठ्यानं रोप खोचायला गेलं तर अंगठाच दुखावतो. उपटलेलं रोपसुद्धा दोन दिवस दम धरतं, तिसऱ्या दिवशी त्याची पाती पिवळी पडायला लागतात. तीस गुंठ्यांना नऊ-दहा बाया एक दिवस लागतात. त्या नऊ बाया तिला मिळणार होत्या, कारण गेल्या पंधरवड्यात वरच्या गावच्या नऊ घरांच्या शेतात ती एकेक दिवस वाकून आली होती. तळीवाडीत याला पैरा म्हणतात. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. पैसा मध्ये येत नाही. ज्याची लावण असेल त्यानं दुपारची भाकरी घालायची आणि सगळ्यांनी एकत्र बसून ती खायची.

वाचायला ही साधी रीत वाटते. पण या पैऱ्यात अंजनाचं घर शिरलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. तिच्या सासऱ्याच्या, भिवाआबाच्या तरुणपणी बौद्धवाड्यातली माणसं वरच्या शेतात फक्त मजुरीनं जायची. आपली भाकरी आपण न्यायची, लांब बसून खायची, आणि संध्याकाळी पदरात टाकतील ते घेऊन परत यायची. त्र्याऐंशी साली पावसानं महिनाभर ओढ दिली आणि मग एकदम कोसळला. साऱ्या गावाची लावण एकाच आठवड्यात आली. माणसं कमी पडली तसं वरचं गाव खाली बोलवायला आलं. भिवाआबा म्हणाला, येतो, पण पैऱ्यानं. जितके दिवस आमच्या बाया तुमच्याकडं, तितके दिवस तुमच्या बाया आमच्या शेतात. आणि दुपारची भाकरी आमच्या चुलीवरची.

गाव हसलं. आठ दिवस हसलं. तोवर वरच्या खाचरांतलं रोप जून व्हायला लागलं, आणि नवव्या दिवशी गावातली सगळ्यांत जुनी बाई, आक्का, आपल्या नव्या सुनेला घेऊन खाली उतरली. तिनं दिवसभर लावण केली, आणि दुपारी अंजनानं वाढलेली भाकरी मोडून तोंडात घातली. अंजना तेव्हा लग्न होऊन आलेली नवी नवरी होती. वाढताना तिनं अर्धी आमटी बांधावर सांडली. आक्काची ती सून म्हणजे धोंडुबाई. दोघी एका वयाच्या. त्यानंतर चोवीस वर्षं एकाच ओळीत शेजारी शेजारी वाकून दोघींनी लावण केली होती. अंजनाला माहेरच्या बहिणीच्यापेक्षा धोंडुबाईच्या पाठीचं दुखणं जास्त ठाऊक होतं.

म्हणून नऊ वाजून गेल्यावरही अंजनाला राग आला नाही, काळजीच वाटली. कुणाच्या घरी काही झालं की काय, असं मनात येऊन ती इरलं सावरत वर निघाली. गावात शिरली तर नऊच्या नऊ घरांना कड्या. शालूबाईच्या सासऱ्यानं ओट्यावरून सांगितलं, की समदी वर धबधब्यावर गेल्यात, आज सुट्ट्या जोडून आल्यात म्हणं. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तिची पाळी खरं तर मंगळवारची होती. सोमवारी धोंडुबाईचा मुलगा सूरज खाली आला होता. सूरज तेवीस वर्षांचा, बारावी झालेला, बोलायला गोड. आमची वरची पट्टी आधी उरकून घेऊ, तुझं शेत ओढ्याकडेचं, तिथलं पाणी कुठं पळत नाही, तू शनिवार घे, असं त्यानं म्हटलं. अंजनानं लगेच मान हलवली. पैऱ्यात पाळी बदलून द्यायची रीत आहे, आणि दिलेली पाळी परत मागायची रीत नाही. शनिवार कसला, सुट्टीचा की कामाचा, हे तिनं बघितलं नाही. प्रसेनजीतनं आणलेलं कॅलेंडर घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगलेलं होतं, पण लावणीच्या दिवसांत वार बघायची सवय तिला कधीच नव्हती.

धबधब्याची जुनी पायवाट अंजनाच्याच बांधावरून जाते. आणि ती वाट बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा दाखवली तीही अंजनानंच. सहा वर्षांपूर्वी कोल्हापूरहून एक माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून भिजत आला होता. वर बघण्यासारखं काय आहे का, म्हणून गावात विचारत फिरला. गावानं सांगितलं, वर काय न्हाई, पाणी पडतंय नुस्तं. ते खोटं नव्हतं. तळीवाडीला ते पाणी म्हणजे कड्यावरून पडणारी आणि ओढ्याला पूर आणणारी कटकट होती, त्याला साधं नावही नव्हतं. अंजनाला त्या माणसाची कीव आली. तिनं त्याला चहा दिला, जळवांना लावायला पुडीत तंबाखू-चुना दिला आणि कड्याच्या पायथ्यापर्यंत नेऊन सोडलं. पंधरा दिवसांनी पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, ‘वर्षासहलीसाठी अपरिचित ठिकाण : दुग्धधारा’. ते नाव त्या माणसानं दिलं होतं. अंजनानं तो कागद भातानं भिंतीला चिकटवला आणि आल्यागेल्याला कौतुकानं दाखवला.

पाणी आहे देखणं, ते नाकारून चालणार नाही. कड्यावरून ते तीन टप्प्यांत उतरतं. मधल्या टप्प्याला वारा त्याला अडवतो आणि उडवून पुन्हा वर नेतो. खाली उभं राहिलं की पाणी पडतंय की चढतंय ते समजत नाही. धुकं बाजूला झालं तर पलीकडे थेट कोकण दिसतं. लगतच्या देवराईत भर दुपारी अंधार असतो, आणि पाऊस लागला की सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, फुलं अशी येतात की पाय टाकायला जागा राहत नाही. एखाद्यानं गाडीखर्च करून यावं आणि बघावं असंच ते आहे. फक्त ते सगळं फुलतं, वाहतं आणि धुक्यात बुडतं तेव्हाच भाताची लावण असते. देवानं दोन्ही गोष्टींना एकच महिना का दिला, हे त्यालाच ठाऊक.

अंजना वर पोचली तेव्हा शेतात न दिसलेली सगळी माणसं तिला तिथं दिसली. पंधरा-वीस जीपगाड्या, दारं उघडी टाकून लावलेली गाणी, मक्याच्या कणसांचा धूर. निळ्या कागदाखाली ओळीनं टपऱ्या. सूरजनं रंगवून घेतलेला मोठा फलक मध्ये उभा होता : दुग्धधारा, उलटं पाणी, ढगांचा कडा, देवराई (पायताण काढून), फुलांचा सडा. शालूबाई कणसं भाजत होती, चिमणाबाई चहा गाळत होती. आणि धोंडुबाई मोठ्या कढईसमोर बसून कांदाभजी सोडत होती. अंजनाला बघून तिचा हात थांबला, पण कढईतली भजी करपायला लागली तसा पुन्हा चालू झाला.

अंजना तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. म्हणाली, “धोंडुबाई, आज माझी लावण हुती.”

“ध्येनात हाय गं,” धोंडुबाई खाली बघूनच म्हणाली. “रातच्याला मी म्हटलं बी सूरजला. तर म्हणतोय, वर्साचं चार शनिवार-रविवार हायत, त्येच सोडलं तर खायाचं काय? भात काय ईकून पैसं येत्यात व्हय?”

“माझा चिखुल बसाय लागलाय. रोप उपटून ठेवलंय.”

“अगं मला कळत न्हाई व्हय? कमरंपातूर चिखलात जल्म गेला माजा बी.” एवढं बोलून धोंडुबाईनं गरम भजी कागदात बांधून तिच्या हातात दिली. अंजनानं ती घेतली आणि बाजूला ठेवली. तेवढ्यात दोन गाड्या आल्या आणि धोंडुबाईला पुन्हा मान वर करायला सवड राहिली नाही.

सूरजच स्वतः पुढे आला. त्यानं तिला छत्रीत घेतलं, मावशी मावशी करत बाकड्यावर बसवलं, आणि चूक झाली असं सरळ कबूल केलं. मग थोडा विचार करून म्हणाला, “उद्या सकाळी धाला मी बावीस मान्सं घिऊन येतो तुझ्या शेतात. नऊ न्हाई, बावीस. तू फकस्त चिखुल ढवळून ठेव.”

एवढी माणसं तो कुठून आणणार, हे अंजनानं विचारलं नाही. खालच्या गावातून मजूर आणत असेल, गाडी आहे त्याच्याकडं, असं तिनं मनाशी धरलं. पैऱ्यातल्या माणसानं शब्द दिला की तपासून बघायचा नसतो, हे ती सासऱ्याकडून शिकली होती. ती हलक्या पायांनी खाली आली आणि पायानंच तुडवून तुडवून तिन्ही खाचरांतला चिखल पुन्हा मऊ केला. संध्याकाळपर्यंत तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. पहाटे उठून तिनं बावीस जणांच्या भाकऱ्या थापल्या, ठेवणीतला वाटाणा काढला, सुकटाची चटणी केली. तांदळाचं पीठ संपलं तेव्हा तिला बरंच वाटलं. आपल्या बांधावर इतकी माणसं कधी जेवली नव्हती.

दहाला येणारी माणसं अकराला आली. आधी आवाज आला, मग रंग दिसले. पिवळे, गुलाबी, पोपटी रेनकोट घातलेली बावीस पोरंपोरी बांधावरून घसरत, एकमेकांना धरत येत होती. कुणाच्या पायात पांढरे बूट होते. पुढे सूरज, हातात शिट्टी. अंजनानं त्यांच्या मागं बघितलं. तिला वाटलं, बाया मागून येत असतील.

“मावशी, ही पावणी मंडळी पुण्यास्नं आलीत,” सूरजनं ओळख करून दिली. “त्यास्नी जरा दाव कशी लावायची.”

अंजनानं दाखवलं. दुसरं काय करणार होती? दोन-तीन काड्या घ्यायच्या, मुळं सरळ ठेवायची, अंगठ्यानं आत खोचायचं, वीतभर सोडून पुढची, आणि मागं मागं सरत जायचं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि सगळे एकदम चिखलात उतरले.

पुढचा तास अंजना आयुष्यात विसरली नाही. कुणी दहा-दहा काड्यांचा झुबका एका जागी रोवला. कुणी रोप नुसतं पाण्यावर टेकवून पुढं गेला. एका मुलानं रोपांनी आपल्या नावाचं अक्षर काढलं आणि त्याचा फोटो घ्यायला दोघं बांधावर चढले, तो बांध त्यांच्या पायाखाली ढासळला. एका मुलीच्या पायावरून खेकडा गेला, ती ओरडत पळाली ती लावलेल्या ओळींतूनच. मग कुणीतरी कुणाला चिखल फेकून मारला, आणि त्यानंतर रोपाकडं कुणी बघितलंही नाही. अंजना एका कडेनं त्यांच्या मागं वाकून नीट करत राहिली, पण बावीस जणांचं बिघडवणं एका बाईच्या हातानं पुरं पडत नव्हतं. त्यांच्यात वाईट असं कुणी नव्हतं. जो तो येऊन तिला थँक्यू म्हणत होता, तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होता. वाईट असते तर तिला हाकलून तरी देता आलं असतं.

बाराला सूरजनं शिट्टी वाजवली. अंजना घाईनं घरात गेली, पाटी डोक्यावर घेऊन आली, बांधावर पानं मांडायला लागली. तर मंडळी ओढ्यात पाय धुऊन निघालीसुद्धा होती. जेवण त्यांचं वर, सूरजच्या टपरीमागच्या छपरात ठरलेलं होतं. ते सगळ्यात धरलेलं आहे, असं त्यातल्या एकानं अदबीनं सांगितलं. फक्त एक मुलगी मागं राहिली. मनाली नाव तिचं. भाकरीचा वास चांगला येतोय, म्हणून ती बसली आणि खरोखर भूक लागल्यासारखी जेवली. जेवताना तिनं चार शहाण्या गोष्टी विचारल्या. किती दिवसांनी कापणी, एका काडीला किती फुटवे. मग म्हणाली, “मावशी, आम्ही लावलेलं सगळं जगेल ना?”

अंजनाला खोटं बोलता येईना. ती म्हणाली, “तुमास्नी कुणी सांगितलं न्हाई व्हय बाळ, ह्ये माझं पैऱ्याचं काम हाय म्हणून?”

“पैऱ्याचं म्हणजे? आम्ही तर पैसे भरलेत त्याचे. धबधबा, ढगांचा कडा, देवराई आणि भातलावणीचा अनुभव, असं चारचं बुकिंग होतं.” अंजनाचा चेहरा बघून ती घुटमळली, हात धुतले, आणि जाताना पाकीट उघडायला लागली. अंजनानं तिचा हात धरून थांबवला. सूरज बांधाच्या टोकाला त्या मुलीची वाट बघत उभा होता. अंजना त्याच्याकडं गेली.

“सूरज, बाया कवा येणार?”

“आता कसल्या बाया मावशी? नऊ मान्सं द्याची हुती, बावीस आणली. उलटं आमचीच तेरा तुझ्याकडं निघत्यात.” तो हसला, आणि तिला हसताना न बघून पुढं म्हणाला, “कायम शेतातच राबलीस तू, तुला कळत न्हाई. लोकं पैसं दिऊन चिखलात उतरत्यात. तुझं शेत वाटंवर हाय, चिखुल असतोय, रोप असतंय. पुढल्या साली तुझी पाळी रविवारचीच धरू.”

“ही लावण हाय व्हय रं? बघ की जरा तिकडं.”

त्यानं बघितलं. शेतकऱ्याचाच मुलगा तो, त्याला दिसलं नसेल असं नाही. पण वर जीपगाडीचा हॉर्न वाजत होता. जेवढी जगतील तेवढी जगतील, असं काहीतरी पुटपुटत त्यानं त्या मुलीला पुढं घातलं आणि वाट धरली. मंगळवारचा शनिवार त्यानं ठरवून केला होता की तो आपोआप झाला, हे अंजनाला कधी कळलं नाही.

दुपारी पावसाची एक जोरदार सर आली, आणि खाचरातलं रोप सुटून वर आलं. ढासळलेल्या बांधाकडे ते सगळं वाहत गेलं. अंजना तिथंच बसून बराच वेळ रडली. मग पाटीतल्या भाकऱ्या तिनं म्हशीपुढे टाकल्या, फावड्यानं बांध घातला, आणि तरंगणारं रोप गोळा करायला चिखलात उतरली. झुबके सोडवायचे, मोडलेल्या काड्या टाकायच्या, धड असतील त्या पुन्हा खोचायच्या. नव्यानं लावायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट त्यात गेला.

सोमवारी सकाळी वरच्या बाया तिच्या बांधावरूनच धुणं घेऊन ओढ्याला गेल्या. गर्दी ओसरली होती, त्यांना काम नव्हतं. अंजना एकटीच खाचरात वाकलेली बघून शालूबाई थबकली. काखेतलं धुणं तिनं दुसऱ्या काखेला घेतलं.

“आमची पाळी फिटली म्हणतोय की सूरज,” ती म्हणाली. विचारल्यासारखं म्हणाली खरं, पण उत्तराला थांबली नाही. अंजनानंही मान वर केली नाही. ज्याला यायचं असतं तो विचारत बसत नाही, हे तिला आता पुरतं कळून चुकलं होतं.

सहा दिवस ती एकटी वाकत राहिली. कंबर सरळ होईना तेव्हा गुडघ्यांवर बसून तिनं रोप खोचलं. दोन खाचरं झाली. तिसऱ्याच्या वाटणीचं रोप तोवर पिवळं पडून कुजलं होतं, हातात धरलं की बुळबुळीत लागत होतं. ते तिनं उकिरड्यावर टाकलं. तिसऱ्या खाचरात नुसतं पाणी राहिलं. त्यात कडा स्वच्छ दिसायचा. पुढच्या रविवारी येणाऱ्याजाणाऱ्यांनी बांधावर थांबून त्याचेही फोटो काढले.

तीन आठवड्यांनी, पाऊस जरा उघडल्यावर, धोंडुबाई खाली आली. हातात दुधाचा तांब्या होता. तिच्या चालण्यावरून कंबर दुखतेय हे अंजनानं लांबूनच ओळखलं. दोघी ओट्यावर बसल्या. प्रसेनजीत कसा आहे, म्हैस किती देते, असं सगळं विचारून झालं. पडून राहिलेल्या खाचराकडे धोंडुबाईनं एकदा बघितलं आणि मग तिकडे बघायचं टाळलं. शेवटी म्हणाली, “उद्याच्याला आमची भांगलण धरलीया. येशील न्हवं? पैऱ्यानं करू की न्हेमीसारखं.”

हा प्रश्न येणार हे अंजनाला माहीत होतं. सहा दिवस चिखलात तिनं त्याचंच उत्तर जुळवलं होतं. ते उत्तर धोंडुबाईला लागावं, चोवीस वर्षांची आठवण होऊन तिच्या डोळ्यांत पाणी यावं, निदान तिनं एवढं तरी म्हणावं की असं नको बोलूस, असं अंजनाला मनापासून वाटत होतं.

“पैऱ्यानं न्हाई येत आता, धोंडुबाई. मजुरीनं सांग, येतो.”

धोंडुबाईनं मोठा सुस्कारा सोडला आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“बेस झालं बाई. सूरज बी ह्येच म्हणत हुता, पर तुला कसं सांगायचं म्हणून मीच गप हुतो. पैऱ्यात कुणाचा किती दीस ऱ्हायला ते ध्येनात ठेवायचं, परत तिकडं जावा, लई वडातान व्हती.” गुडघ्यावर हात टेकून ती उठली, तांब्या उचलून बघितला, आणि दूध तिथंच ठेवून निघाली. अंगणाच्या कडेला गेल्यावर काहीतरी आठवून ती वळली.

“सकाळी आठला ये. आन् येताना तुझी भाकरी तू घिऊन ये.”

दुसऱ्या दिवशी अंजनानं दोन भाकऱ्या आणि चटणी फडक्यात बांधली, तण काढायला खुरपं घेतलं आणि आठच्या आधीच ती वर गेली.